१५ मेच्या आत अगत्तीला माल पोचवताना : माझा अनुभव

लक्षद्वीपमध्ये बांधकामाचं काम घेणाऱ्या आपल्या माणसांसाठी हे लिहितोय. आमचं काम लहान होतं : अगत्ती बेटावर पाण्याची एक टाकी आणि शेजारी पंपाची खोली. मी साइट इंजिनिअर. नकाशे झाले, निविदा लागली, मजूरही मिळाले. आम्हाला रडवलं ते किनाऱ्यावरच्या एका टेबलाने, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी १० बेटांवर वस्ती आहे, आणि सगळी जमीन एकत्र केली तरी ३२ चौरस किलोमीटरच भरते. बेटं प्रवाळाची, त्यामुळे नदी नाही की दगडाची खाण नाही. किनाऱ्यावरची रेती उचलायला मनाई आहे आणि ती असायलाच हवी. ती रेती गेली तर लाटा जमीन खाणार, शिवाय तिच्यातल्या खारामुळे सळई गंजणार. म्हणजे खडी, रेती, सिमेंट, सळई सगळं मंगळूरच्या जुन्या बंदरातून किंवा केरळातल्या बेपूरहून मंजीने न्यायचं. मंजी म्हणजे इंजिनावर चालणारं लाकडी गलबत. १५ मे ते १५ सप्टेंबर ही गलबतं बंद असतात. मी गुहागरकडचा, आमच्याकडेही नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला कोणी आव्हान देत नाही. त्यामुळे समुद्राबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती गलबताचं बुकिंग करणाऱ्या एका खाजगी कचेरीबद्दल. तिचं आणि बंदराचं नाव घेत नाही.

एप्रिलमध्ये धक्क्यावर झुंबड असते. पावसाळ्याची बेगमी म्हणून तांदूळ, डाळी, कांदे-बटाटे, गॅस, औषधं असं सगळं एकाच वेळी बेटांकडे निघतं. अन्नधान्याला पहिला मान, हे मला पूर्ण मान्य आहे. पण बांधकामाचा माल मागे ठेवायचा तर तसं स्पष्ट सांगावं. इथे रोज नवी हरकत. आमच्या यादीत रेती घनमीटरमध्ये होती, कारण निविदेत तशी होती. ‘वजनात लिहा.’ लिहिली. ‘गोण्या किती ते लिहा.’ तेही लिहिलं. मग सळईवर गाडी अडली. १२ मीटरची सळई मधोमध वाकवून आणली होती, तर म्हणे लांबी यादीशी जुळत नाही. ती दुरुस्ती करून गेलो तर सही करणारे साहेब गावाला गेलेले, आणि त्यांच्या जागी सही कोण करणार हे कोणालाच सांगता येईना. दरम्यान आमच्या डोळ्यांदेखत मागून आलेल्या एका व्यापाऱ्याच्या फरशा चढल्या. फरशा काही धान्य नव्हे! विचारलं तर उत्तर एकच, ‘उद्या या.’

तोवर सिमेंट धक्क्यालगतच्या शेडमध्ये पडून. समुद्राकाठची ती दमट हवा आणि वर मे महिना. मी रोज सकाळी जाऊन गोण्यांचे कोपरे अंगठ्याने दाबून बघायचो. चांगलं सिमेंट दाबलं की आत सरकतं. भिंतीकडच्या थरात एक दिवस अंगठा सरकलाच नाही. गोणी फोडली तर आत सुपारीएवढे खडे, बोटांत चुरडून न चुरडणारे. तो थर टाकीसाठी बाद. कचेरीतल्या माणसाला मूठभर खडे दाखवले, त्याने ते बघितलेही नाहीत.

मार्ग सांगितला तो मंजीच्या तांडेलाने, म्हणजे गलबत चालवणाऱ्या प्रमुखाने. तो अगत्तीचाच, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. म्हणाला, कचेरीत बसू नका, धक्क्यावर बसा. धान्य भरून झाल्यावर गलबतात जागा उरते का ते आम्हाला आधी कळतं, त्यांना नंतर. वजन आणि नग दोन्ही लिहिलेली एकच यादी करा, तिच्या प्रती खिशात ठेवा आणि साहेब गलबत बघायला येतात तेव्हा तिथेच सही घ्या. तसंच केलं. संध्याकाळी सही झाली आणि त्याच रात्री माल चढला. खडीची शेवटची गोणी आत गेली तेव्हा मी धक्क्यावरच मटकन खाली बसलो.

पुढचा प्रवास सुरळीत झाला. अगत्तीच्या पश्चिमेला लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडचं उथळ पाणी, आहे आणि आत शिरायची वाट प्रवाळातून जाते. भरतीची वेळ साधून तांडेलाने गलबत आत घेतलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

आता आठवेल तसं सांगतो. माल ‘मे’मध्ये पाठवू असं ठरवूच नका. १५ मेपासून उलटं मोजा आणि मार्चमध्येच धक्क्यावर आपला माणूस बसवा, भाड्याने खोली घेऊन. त्याचा खर्च बाद झालेल्या सिमेंटपेक्षा कमीच होतो. सिमेंट लाकडी फळ्यांवर रचा, भिंतीपासून हातभर लांब, आणि वरून प्लास्टिक टाका. शेडवाले हे आपणहून करत नाहीत.

मजुरांचं राहिलंच. बेटावर जायला बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना लागतो आणि त्यासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. तो आपापल्या गावच्या पोलीस ठाण्याकडून आधीच काढून ठेवायला सांगा.

पाण्याचाही हिशेब करा. बेटाखाली गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. विहिरीला मोठा पंप लावून उपसलं तर खारं पाणी वर येतं, आणि ती विहीर कुणाच्या तरी घरची असते. आम्ही काँक्रीटला लागणारं पाणी गावकऱ्यांना विचारून, थोडं थोडं घेतलं. काँक्रीट ओलं ठेवायला गोणपाट वापरलं, त्यामुळे पाणी खूप वाचलं.

सळई बांधायची तार, खिळे आणि ओलं काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची जादा सुई पहिल्याच फेरीत न्या. पावसाळ्यात सुई तुटली तर ती बेटावरच्या दुकानात मिळत नाही.