केसांच्या गोळीने झाकलेला थायरॉईड

फाईलवर निदान लिहूनच आलं होतं: नैराश्य, औषधाला दाद नाही. वय ४१, वजन ६२ किलो, शाळेत शिक्षिका. एसिटालोप्राम हे सेरोटोनिन वाढवणारं नैराश्याचं औषध १० मिलिग्रॅमवरून २० वर नेऊन दोन महिने उलटले होते. झोप भरपूर तरी अंग आंबलेलं, वर्गातल्या मुलांची नावं ऐनवेळी आठवत नाहीत, बद्धकोष्ठ, पाळीत अंगावरून जास्त जाणं. थायरॉईडची शंका आधीच्या डॉक्टरांनाही आली होती आणि त्यांनी तपासणी करवून घेतली होती. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं पिट्यूटरी ग्रंथीचं हार्मोन; थायरॉईड कमी पडली की वाढतं) ३.४, फ्री टी-फोर (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) १.६. दोन्ही नॉर्मल. कागदावर विषय तिथेच संपत होता.

शरीर मात्र वेगळंच सांगत होतं. नाडी ५४, आवाज घोगरा, भुवयांची बाहेरची टोकं विरळ. बाईंना खुर्चीवर गुडघे टेकायला लावले, पावलं मोकळी लोंबती ठेवली आणि टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारली. पाऊल झटक्यात हललं, परत जागेवर येताना मात्र रेंगाळलं. थायरॉईड कमी असल्याची ही खूण, आणि हे रेंगाळणं नुसत्या डोळ्यांना दिसतं. मानसोपचाराच्या ओपीडीत हातोडी बहुधा खणातच पडून असते, ही गोष्ट वेगळी. जुन्या रिपोर्टांत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १९० म्हणजे जास्त, सोडियम १३१ म्हणजे कमी आणि सीपीके हे स्नायूंतलं एन्झाइम नॉर्मलच्या तिप्पट. नुसत्या नैराश्याने सीपीके वाढत नाही.

‘आणखी काही औषधं चालू आहेत का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं, कारण केसांची गोळी कुणी औषधात धरतच नाही. म्हणून केसांसाठी, नखांसाठी, त्वचेसाठी, ताकदीसाठी काय घेता, असं एकेक करून विचारावं लागतं. बाईंनी पर्समधून पाकीट काढलं. बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व), १० मिलिग्रॅम, रोज सकाळी एक. दिवसाची गरज असते साधारण ३० मायक्रोग्रॅम. ही त्याच्या तीनशेपटीहून जास्त. रक्त द्यायला त्या उपाशीपोटी गेल्या होत्या, पण गोळी घेऊन. ‘पाण्याबरोबरच घेतली हो डॉक्टर, चहासुद्धा नव्हता घेतला.’ केस गळतात म्हणून गोळी सुरू झाली होती, आणि केस गळत होते ते बहुधा थायरॉईडमुळेच.

बायोटिन थायरॉईड ग्रंथीला काही करत नाही, ते तपासणीला फसवतं. अनेक मशीनमध्ये अँटिबॉडीला बायोटिन जोडलेलं असतं आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन हे बायोटिनला घट्ट चिकटणारं प्रथिन लावलेले कण त्या बायोटिनला धरून ठेवतात. रक्तात आधीच सुटं बायोटिन असेल तर ते कणांवरच्या जागा अडवतं, अँटिबॉडी धुऊन जाते आणि सिग्नल पडतो. टीएसएचच्या चाचणीत सिग्नल कमी म्हणजे टीएसएच कमी. फ्री टी-फोरचं गणित उलटं: सिग्नल कमी म्हणजे हार्मोन जास्त. निरोगी माणसात यातून थायरॉईड वाढल्याचा खोटा रिपोर्ट येतो, आणि किमान कुणीतरी चमकतं तरी. इथे खरा टीएसएच खूप वर होता, खरा टी-फोर खाली. दोन्ही आकडे चुकीच्या दिशेने सरकून नेमके नॉर्मलच्या चौकटीत येऊन बसले.

गोळी पूर्ण तीन दिवस बंद ठेवली आणि ज्या मशीनमध्ये ही बायोटिनची जोडणी नाही तिथे नमुना पाठवला. टीएसएच ६१, फ्री टी-फोर ०.४, अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटिबॉडी) पॉझिटिव्ह. हाशिमोटो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटणारा आजार.

मेंदू रक्तातला टी-फोर आत घेतो. ॲस्ट्रोसाइट पेशींतलं डीआयोडिनेज-२ हे एन्झाइम त्याचं टी-थ्री हे जास्त प्रभावी रूप करतं आणि न्यूरॉन ते वापरतात. टी-फोरच घटला की हा पुरवठा आटतो. थायरॉईड कमी असलेल्यांच्या पेट स्कॅनमध्ये अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस या भावना-स्मृतीच्या भागांत ग्लुकोजचा वापर उतरलेला दिसला आहे. तिथे नुसतं सेरोटोनिन वाढवून किती फरक पडणार? लंडनच्या रिचर्ड ॲशर यांनी १९४९ मध्ये थायरॉईड आटल्यामुळे मानसिक आजार झालेल्या १४ रुग्णांवर लिहिलं, तेव्हापासून हे माहीत आहे.

थायरॉक्सिन (गोळीतून दिला जाणारा टी-फोर) लगेच दिलं नाही. सोडियम कमी होतं आणि आजार ऑटोइम्यून. ॲड्रिनल ग्रंथीही कमकुवत असेल तर थायरॉक्सिनने पेशंट कोसळू शकतो. म्हणून सकाळी ८ चं कॉर्टिसॉल, म्हणजे ॲड्रिनलचं हार्मोन, आधी. बायोटिन या चाचणीलाही फसवतं, त्यामुळे तेही गोळी बंद झाल्यावरच पाहिलं. ते १४, म्हणजे पुरेसं आलं, मग किलोमागे १.६ मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने रोज १०० मायक्रोग्रॅम सुरू केलं. हृदयविकार असता किंवा वय साठीपुढे असतं तर २५ पासून चढवलं असतं. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा तास आधी. लोहाची गोळी चार तासांनंतर, कारण लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. एसिटालोप्राम एकदम बंद केलं नाही; त्यानेही सोडियम उतरतं म्हणून १० वर आणलं.

आधी पोट साफ व्हायला लागलं, मग थकवा उतरला. मन सगळ्यात शेवटी, आणि हा क्रम घरच्यांना आधीच सांगून ठेवावा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळी सुटते. थायरॉक्सिनचा अर्धायुकाल सात दिवसांचा, त्यामुळे सहा आठवड्यांच्या आत टीएसएच पाहण्यात अर्थ नाही. सहाव्या आठवड्यात तो ९ होता, फ्री टी-फोर १.२. डोस तसाच ठेवला. टीएसएच सोडणारी पिट्यूटरी उशिरा सावरते. पुढच्या तपासणीत टीएसएच २.८ आला आणि एसिटालोप्राम हळूहळू उतरवायला घेतलं.

याचा अर्थ प्रत्येक उदास माणसाला थायरॉक्सिन द्यावं असा नाही. टीएसएच ६, म्हणजे थोडाच वाढलेला, आणि टी-फोर नॉर्मल असताना गोळीने मन उजळेल अशी आशा पेशंटला दाखवू नये. बहुतेकदा तसं होत नाही.

बाईंनी नंतर विचारलं, केसांची गोळी पुन्हा घेऊ का. गरज नाही, पण घेतलीच तर कुठल्याही रक्त तपासणीआधी तीन दिवस बंद ठेवायची. छातीत दुखून इमर्जन्सीत जावं लागलं तर तेवढा वेळ मिळत नाही, तिथे आल्याआल्या सांगायचं: काही मशीनवर ट्रोपोनिनही (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) बायोटिनमुळे खोटं कमी येतं. अशा खोट्या रिपोर्टनंतर झालेल्या एका मृत्यूची नोंद देऊन अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये इशारा दिला होता.