त्या बाजूचा चेंडू

‘आता डोक्याने खेळायला लागलीस हां,’ असं डिसेंबरात टेनिस कोर्टवर मला तिघांनी वेगवेगळ्या दिवशी सांगितलं. तिघेही मनापासून बोलले. मी हसून थँक्यू म्हटलं आणि परतताना फोंड्याच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांना जे डोकं वाटत होतं, ती भीती होती.

नेटजवळ हळूच टाकलेला ड्रॉप शॉट, समोरच्याच्या डोक्यावरून उंच मारलेला लॉब, दोन-तीन फटक्यांत पॉइंट संपवायची घाई, मधली खूण सोडून उजवीकडे दोन पावलं सरकून उभं राहणं. हे सगळं मी एका चेंडूपासून वाचण्यासाठी करत होते. उजव्या साइडलाइनकडे जाणारा, धावत गाठून उजवा पाय रोवून मारायचा तो फोरहँड. आधीच उजवीकडे सरकून उभं राहिलं की तिकडे धावावं लागत नाही. डावीकडची, बॅकहँडची बाजू उघडी पडते, पण तिकडे डावा पाय टेकतो, आणि डाव्या पायाला काही झालेलं नव्हतं.

उजव्याला झालं ते १६ सप्टेंबर २०२३ ला, चतुर्थीच्या आधीच्या शनिवारी. दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती, पणजीतलं कोर्ट कोरडं होतं. असाच एक लांबचा चेंडू आला, मी पोचले, पाय टेकला, मारला. परत फिरताना अंग वळलं आणि पाऊल जागच्या जागी राहिलं. ऊस मोडताना येतो तसा आवाज आतून आला. नेटच्या पलीकडे उभ्या असलेल्या माझ्या मैत्रिणीलाही तो ऐकू गेला.

ज्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेले त्यांनी मुरगळलंय म्हणून क्रेप बँडेज बांधून पाठवलं. चार आठवडे मी त्यावर काढले. त्या वर्षीची चतुर्थी खुर्चीवर पाय ठेवून गेली, आरतीलासुद्धा बसून. सूज उतरली, सरळ चालता यायला लागलं, आणि एक दिवस शाळेच्या जिन्यावर वळताना गुडघा आतून सटकला. तेव्हा एमआरआय केला. एसीएल नावाचं गुडघ्यातलं लिगामेंट पूर्ण तुटलं होतं.

हे लिगामेंट म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरपं बांधून ठेवणारी दोरी. सरळ चालताना तिचं फारसं काम पडत नाही, थांबताना आणि वळताना पडतं. म्हणूनच मी चार आठवडे चालत होते आणि सगळ्यांना बरी वाटत होते. मला आजही त्या चार आठवड्यांचा राग येतो.

ऑक्टोबरच्या शेवटी ऑपरेशन झालं. मांडीच्या मागचा कंडरा काढून त्याची नवी दोरी बसवली. त्याच दिवसांत गोव्यात ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा चालू होत्या. फातोर्ड्याला उद्घाटन झालं, सगळा गोवा खेळाडूंनी भरला होता, आणि आपल्या राज्यात पहिल्यांदाच होणाऱ्या या स्पर्धा मी उशीवर पाय ठेवून टीव्हीवर बघत होते. आई सारखी येऊन विचारायची, ‘दुखता गो?’ दुखत होतंच, पण तिला सांगण्यासारखं ते दुखणं नव्हतं.

पहिल्या आठवड्यातली एक गोष्ट मला अजून स्पष्ट आठवते. फिजिओने गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाली, मांडी घट्ट कर, टॉवेल खाली दाब. मी दाबायला गेले. काहीच झालं नाही. डावी मांडी लगेच आवळली गेली, उजवी तशीच सैल पडून राहिली. मी त्या स्नायूकडे डोळे लावून बसले, दात आवळले, तरी तो हलेना. फिजिओने समजावलं, की सांध्यात सूज असली की मज्जासंस्थाच त्या स्नायूला आवरून धरते. स्नायू शाबूत असतो, त्याच्यापर्यंत हुकूमच नीट पोचत नाही. नवव्या दिवशी कातडीखाली बारीकशी थरथर दिसली आणि मी रडले.

त्यानंतरचे महिने भराभर सांगते, कारण ते सगळ्यांचे सारखेच असतात. कुबड्या, सायकल, जिने, स्क्वॉट, एका पायावर उड्या. बसवलेला कंडरा आधी कमजोर होतो आणि मग शरीर हळूहळू त्याचं लिगामेंट करून घेतं, म्हणून नऊ महिन्यांच्या आत असा वळण्या-थांबण्याचा खेळ सुरू केला तर पुन्हा तुटायचा धोका बराच वाढतो. मी नऊ महिने पाळले. वरून पाऊस होता म्हणून आणखी दोन.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये फिजिओने दोन कागद भरले. पहिला पायाचा. उजव्या मांडीची ताकद डावीच्या ९३ टक्के, एका पायावरची उडी ९५ टक्के. नव्वदच्या वर म्हणजे चांगलं. दुसरा कागद बारा प्रश्नांचा होता. गुडघ्याचा विचार न करता खेळू शकाल असं वाटतं का? पुन्हा दुखापत होईल याची धास्ती वाटते का? पुन्हा ऑपरेशनला सामोरं जावं लागेल या विचाराने खेळावंसं वाटत नाही का? प्रत्येक उत्तराला गुण. माझे शंभरपैकी ४१ आले. मी गणित शिकवते, आकड्यांवर माझा विश्वास आहे. ते दोन कागद मी शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिले. ९३ आणि ४१.

महिन्याभराने चतुर्थी आली. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची आरास, बांधायला दर वर्षी मीच स्टुलावर चढते. चढले, नारळ बांधला, सुपारीचा घोस बांधला, कांगलां बांधली. उतरताना उजवा पाय खाली टेकवायची वेळ आली आणि मी हवेतच थांबले. स्टूल जेमतेम दीड फुटाचं. बाबा खाली हात धरून उभे होते. शेवटी मी वळून डावा पाय आधी टेकवला. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांनी बघितलं.

बाबांचा लिअँडर पेसवर फार जीव. त्याचे वडील वेस पेस मूळचे गोव्याचे, त्यामुळे आमच्या घरात तो आपलाच. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये मनगट दुखावलेलं असताना त्याने फर्नांडो मेलिजेनीला पहिला सेट हरून ३-६, ६-२, ६-४ असं हरवलं आणि कांस्यपदक आणलं. मी तेव्हा पाच वर्षांची होते. ही गोष्ट बाबांनी मला किती वेळा सांगितली असेल! दुखापतीनंतर तर प्रत्येक आठवड्याला. मन घट्ट कर, म्हणायचे. मला ते ऐकून आणखी खचायला व्हायचं. पेसला दुखत होतं आणि तो खेळला. मला दुखत नव्हतं आणि मी खेळू शकत नव्हते. दुखण्याच्या पुढे जायचं तर समोर दुखणं तरी असतं. माझ्यासमोर काय होतं?

रात्री झोप लागली नाही की मी दुखापतीतून परतलेल्या टेनिसपटूंचं वाचत बसायचे. हुआन मार्टिन देल पोत्रोच्या डाव्या मनगटावर २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत तीन शस्त्रक्रिया झाल्या. २०१६ मध्ये परतला तेव्हा त्याचा क्रमांक हजाराच्या पलीकडे गेला होता आणि दोन हातांचा बॅकहँड त्याला पूर्वीसारखा मारता येत नव्हता. तो बॅकहँडला एका हाताने चेंडू कापत स्लाइस करत राहिला, आणि तसाच रिओ ऑलिंपिकच्या पहिल्या फेरीत जोकोविचला हरवून रौप्यपदकापर्यंत गेला. मी स्वतःला सांगायचे, बघ, त्यानेही खेळ बदललाच की. मग डॉमिनिक थीम आठवायचा. २०२० ची यूएस ओपन जिंकलेला माणूस, २०२१ च्या जूनमध्ये मायोर्कात मनगट दुखावलं, परत आला, पण तो जुना फोरहँड काही परतला नाही. २०२४ मध्ये त्याने व्हिएन्नात खेळ सोडला. मी क्लबमधली एक साधी खेळाडू, यांच्याशी माझी काय तुलना. पण मध्यरात्री तुलना होतेच.

देल पोत्रोची आणि माझी गोष्ट सारखी नाही, हे मला आमच्या मार्करने, म्हणजे क्लबमध्ये सगळ्यांना सराव देणाऱ्या माणसाने, दाखवलं. गेली तीसेक वर्षं ते कोर्टवर आहेत, सगळे त्यांना अंकल म्हणतात. जानेवारीतली सकाळ होती. आम्ही तासभर खेळलो, मी बरी खेळले असं मला वाटलं. ते चेंडू गोळा करता करता म्हणाले, ‘त्या वटेन वचना गो तूं.’ त्या बाजूला जात नाहीस तू. मी म्हटलं, अंकल, गुडघा. ते म्हणाले, गुडघा जाऊ नको म्हणतो, की तू?

देल पोत्रोचा हात खरोखर साथ देत नव्हता, म्हणून त्याने दुसरी वाट काढली. माझा पाय साथ द्यायला तयार होता. ९३ टक्के तयार होता. टॉवेल दाबताना झालं होतं तेच आता कोर्टवर होत होतं: आवरून धरणारं वेगळंच कुणी होतं. आणि त्या धरण्याला लोक शहाणपण म्हणत होते, मीही म्हणू लागले होते.

त्या शनिवारपासून आम्ही सुरुवात केली. अंकलनी बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, उजव्या कोपऱ्यात आपली टोपी ठेवली. पहिल्या दिवशी रॅकेट नाही. ते हाताने चेंडू घरंगळत सोडायचे, मी चालत जाऊन टोपीशेजारी उजवा पाय टेकायचा, हाताने चेंडू अडवायचा, वळायचं, परत. वीस वेळा. बाजूच्या कोर्टवरची मुलं बघत होती, मला लाज वाटत नव्हती असं नाही. दुसऱ्या शनिवारी हाताने उडवलेला चेंडू, रॅकेटने. तिसऱ्या शनिवारी नेटपलीकडून बास्केटमधले. चौथ्या वेळी त्यांनी न सांगता मध्येच एक जोरात मारला आणि माझे पाय जमिनीला खिळले. चेंडू टोपीवरून गेला. अंकल नेटपर्यंत चालत आले, म्हणाले, ‘भिवूं नाका,’ आणि पुन्हा घरंगळत्या चेंडूपासून सुरुवात केली. त्यांना घाई नव्हती. मला मात्र फार होती, कारण फेब्रुवारीच्या शेवटी क्लबची स्पर्धा होती.

फिजिओने एक गोष्ट सांगितली होती, ती या काळात उपयोगी पडली. पाय कुठे टेकतोय याकडे बघू नको, चेंडू कुठे टाकायचाय ते बघ. गुडघ्याकडे लक्ष ठेवून हालचाल केली की ती आखडते. म्हणून मी पलीकडच्या कोर्टवर, तिरकस, नेटच्या खांबापासून दीड हातावर एक पाण्याची बाटली ठेवली आणि तीच बघत राहिले. आठ दिवसांत ती एकदाच पडली.

स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरले, ४-६, ५-७. समोरची मुलगी सतरा वर्षांची, तिने तिसऱ्या गेमपासूनच ओळखलं की मी उजवीकडे सरकून उभी राहते. तिने बॅकहँडवर मारून मला डावीकडे ओढलं आणि मग उजवा कोपरा धरला. दुसऱ्या सेटमध्ये ५-६, ३०-४० असताना तसाच एक आला. मी धावले. पाय टेकला, मारला, चेंडू साइडलाइनच्या वीतभर बाहेर पडला. मॅच संपली. मी नेटकडे जाऊन तिचं अभिनंदन केलं, अंपायरशी हात मिळवला, बॅग भरली.

घरी पोचल्यावर आईने नेहमीप्रमाणे फ्रीजरमधून बर्फाची पिशवी काढून समोर ठेवली. प्रत्येक खेळानंतर मी ती लावते. तिने विचारलं, शेवटचा चेंडू कसा गेला? मी सांगायला लागले: चेंडू कुठून आला, वारा कसा होता, मिरामारकडून दुपारनंतर येतो तो, रॅकेटचं तोंड किती उघडं राहिलं. सगळं सांगून झालं. पाय कसा टेकला ते मला सांगता आलं नाही. मला ते आठवतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरावात पुन्हा दोन चेंडू मी सोडले. दोन्ही स्लाइस सर्व्हिसचे, कोर्टच्या बाहेर खेचत नेणारे. अंकलना सांगितलंय. शनिवारी सकाळी सात वाजता ते सर्व्हिस लाइनवरून वीस टाकणार आहेत, आधी हळू.