ओतायचं की नाही, हे कुणी सांगायचं?

अण्णांनी मला बोलावलं ते एका तक्त्यासाठी, कारखान्यात कोण कुणाच्या हाताखाली ते दाखवणाऱ्या. "पोरं दोन तक्ते घेऊन बसल्यात. कुठला लावायचा तेवढं सांग बाळ, म्हणजे भांडण मिटलं," एवढंच ते फोनवर म्हणाले. अण्णा माझ्या वडिलांचे जुने दोस्त. पिंपरीत 16 वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नियोजन खातं सांभाळून मी बेळगावात टिळकवाडीला परत आले, लहान कारखान्यांना सल्ला द्यायला लागले, तरी त्यांच्या लेखी मी अजून बाळच.

उद्यमबागेत त्यांची फौंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, आणि भिंतीला भिंत लावून मशीन शॉप. कुपोला या कोळशाच्या भट्टीवर दहा-बारा माणसांत सुरू केलेलं काम आता 110 माणसांवर आलेलं. पंपाची केसिंग, ट्रॅक्टरचे भाग आणि अलीकडे हायड्रॉलिक्सच्या व्हॉल्व्ह बॉडी. थोरला मुलगा मशीन शॉप बघायचा. त्याचं म्हणणं, फौंड्री आणि मशीन शॉप असे दोन वेगळे विभाग करा, दोघांचा नफा-तोटा वेगळा. धाकटा पुण्याहून एमबीए करून आलेला. त्यानं मॅट्रिक्सचा तक्ता आणला होता, तीन रंगांत. प्रत्येक माणसाला दोन साहेब, एक खात्याचा आणि एक ग्राहकाचा. तिसरा तक्ता अण्णांचा. तो कागदावर नव्हताच. सगळ्या रेषा येऊन त्यांच्या मोबाइलला मिळायच्या.

मी म्हटलं, तक्ते दुपारी बघू. सकाळी मी नुसती वही घेऊन बसते. कोण कुणाला काय विचारतं, तेवढं लिहिते. माझी जुनी खोड आहे ही. कारखान्याची खरी रचना ऑफिसच्या भिंतीवर क्वचितच सापडते.

जुलै 2019. चार दिवस पावसानं उसंत दिली नव्हती. मी सकाळी 8 ला भट्टीपासून जरा लांब, हीट-शीट, म्हणजे प्रत्येक हीटची (एका वेळच्या वितळणीची) नोंद, लिहायच्या टेबलाशी बसले. अण्णा साडेदहाला निघाले, दातांच्या डॉक्टरांकडे, रूट कॅनॉल होतं. जाताना मुकादम मामांना म्हणाले, "काय असलं तर फोन करा." मामा कडोलीचे, या भट्टीवरच म्हातारे झालेले.

त्या दिवशी एसजी आयर्नची, म्हणजे चिवट जातीच्या बिडाची, हीट होती. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. साध्या बिडात ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन, पापुद्र्यांसारखं असतं, म्हणून बीड ठिसूळ. एसजीमध्ये ते गोळ्यांच्या रूपात यावं म्हणून वितळलेल्या धातूला लॅडलमध्ये (धातू वाहून न्यायच्या डोलात) मॅग्नेशियमची प्रक्रिया करतात. गंमत अशी की मॅग्नेशियम उकळतं साधारण 1090 अंशाला आणि लोखंड असतं चौदाशेच्या वर. म्हणजे घातल्या क्षणापासून ते उडून जायला लागतं. साधारण 8 ते 10 मिनिटांत साचे ओतून झाले नाहीत, तर गोळ्या बिघडतात आणि तो माल एसजी म्हणून विकता येत नाही.

11 वाजून 40 मिनिटांनी प्रक्रिया झाली, पांढरा लखलखाट झाला, लॅडल क्रेनवर साच्यांच्या लाइनीकडे निघालं. आणि कोअर शॉपमधला एक पोरगा पळत आला. कोअर म्हणजे ओतीव भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा गाभा. खानापूरकडचा, विशी-बाविशीतला. "मामा, थांबवा. कोअर ओले हायत."

रात्री लाइट जाऊन कोअर सुकवायची भट्टी बंद पडली होती. कोअरवरचं पाण्यात कालवलेलं कोटिंग नीट सुकलंच नव्हतं, आणि तेच कोअर घालून साचे बंद झाले होते. असल्या साच्यात ओतलं की पाण्याची वाफ होते आणि कास्टिंगभर, म्हणजे ओतलेल्या भागभर, ब्लोहोल, वाफेची भोकं. कधी धातू उसळतोही.

प्रॉडक्शन सुपरवायझर म्हणाला, "एवढ्या-तेवढ्यानं काय होत नाही, ओता." क्वालिटीचा मुलगा गप्प. त्याची पगारवाढ सुपरवायझरच्याच हातात. थोरला मशीन शॉपमधून आला. "हे फौंड्रीचं, मी कसं सांगू?" धाकटा म्हणाला की ग्राहकाला आज माल द्यायचाच आहे, पण तांत्रिक निर्णय आपण घेणं बरोबर नाही. मग चौघांनी एकदमच अण्णांना फोन लावले. चार फोन, एकच नंबर. एकमेकांनाच एंगेज लागत होते. शेवटी एक लागला आणि तिकडून नर्सबाई बोलल्या, "अण्णांचं तोंड उघडं आहे, वीस मिनिटांनी करा."

मी घड्याळ बघत होते. बाहेरची असल्यानं बोलायचा अधिकार मलाही नव्हता. सातवं मिनिट गेलं. भट्टीत पुढचा चार्ज, म्हणजे वितळवायचा माल, पडलेला, त्यामुळे धातू परत टाकायची सोय नाही. आठव्या मिनिटाला मामांनी क्रेनवाल्याला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. त्यानं "आयतु री" (बरं) म्हटलं आणि लॅडल पिगच्या, म्हणजे परत वितळवायच्या विटांच्या, साच्यांकडे वळलं. चारशे किलो धातू विटा होऊन बसला. मामा बाकड्यावर जाऊन डोक्याला हात लावून बसले, चोरी करून सापडल्यासारखे. त्या सकाळी बरोबर निर्णय घेणारा तो एकच माणूस.

नंतर मी त्या पोराला बाजूला घेतलं. "तुला कधी कळलं?" म्हणाला, "नऊला." नऊ वाजता! त्यानं कोअरच्या ठेकेदाराला सांगितलं होतं. ठेकेदारानं थोरल्याच्या कानावर घातलं. थोरला म्हणाला, अण्णांना विचारून घ्या. आणि अण्णांना विचारायचं म्हणजे नेमकं कुणी, हे कुणाचंच काम नव्हतं. ओल्या कोअरची बातमी अडीच तास कारखान्यात फिरत होती आणि भट्टीपर्यंत पोचली नव्हती.

दीडला अण्णा आले. अर्धा गाल बधिर, त्यामुळे ओरडत होते तेही अर्धंच कळत होतं. त्या गडबडीतही मला हसू आवरेना. त्यांचं ओरडून झाल्यावर मी वही पुढे केली. सकाळपासून 31 प्रश्न मी टिपले होते. 23 प्रश्नांचं उत्तर एकच, "अण्णांना विचारा." त्यात ओल्या कोअरचा होता आणि चहाचे पेले बदलायचाही होता.

"आज कुणी ठरवायला पाहिजे होतं?" मी विचारलं.

"मी," अण्णा म्हणाले. लगेच.

"किती मिनिटांत?"

ते गप्प झाले. मग मी हीट-शीटच्या पाठीवर चार रकाने आखले. दहा मिनिटं थांबू शकत नाही ते. पाळी संपेपर्यंत थांबेल ते. आठवडाभर थांबेल ते. वर्षभर थांबेल ते. 31 च्या 31 गोष्टी त्यात टाकल्या. दहा मिनिटांच्या रकान्यात फक्त तीन आल्या, पण त्या तिन्ही अण्णांकडे जात होत्या. वर्षाच्या रकान्यात दोन होत्या, नवी भट्टी घ्यायची का आणि हायड्रॉलिक्सचं काम वाढवायचं का. त्यासाठी अण्णांना वेळच उरत नव्हता.

त्यांच्या हाताखाली थेट बारा माणसं होती. ग्रेकुनस नावाच्या माणसानं 1933 मध्ये हिशेब मांडला होता, की हाताखाली सहा माणसं असली तर साहेबाला सांभाळाव्या लागणाऱ्या नात्यांची संख्या, एकेकट्याशी, गटाशी आणि त्यांची आपापसातली धरून, 222 होते. बाराला ती 24,708. सूत्र फार शब्दशः घेऊ नये, पण आकडा ऐकून अण्णांनी बधिर गाल चोळला.

मग मुलांचे तक्ते. थोरल्याला मी ड्यू पाँटची गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धानंतर बारूद बनवणारी ही कंपनी रंगांच्या धंद्यात शिरली आणि तिथं तोट्यात गेली, कारण खरेदी, उत्पादन, विक्री अशा खात्यांची रचना एकाच मालासाठी बेतलेली होती. रंगांच्या नफ्याची जबाबदारी एकाची अशी कुणाचीच नव्हती. 1921 मध्ये त्यांनी मालानुसार विभाग केले. "मग मीही तेच म्हणतोय की," थोरला म्हणाला. मी विचारलं, तुझ्या मशीन शॉपला येणारं किती कास्टिंग बाहेरून येतं? जवळपास काहीच नाही. म्हणजे दोन विभाग केले की दोन भाऊ दर महिन्याला आपल्याच कास्टिंगच्या दरावरून भांडणार. बाजार एक, भट्टी एक, साच्यांचे नमुने बनवणारं पॅटर्न शॉप एक. विभाग करायला आधी वेगळं काही असावं लागतं.

धाकट्याला सांगणं अवघड गेलं. मॅट्रिक्स 1960 च्या दशकात अमेरिकेत विमान आणि अवकाशाच्या कामात रुळलं, कारण तिथं थोडेच तज्ज्ञ अनेक मोठ्या प्रकल्पांत वाटून वापरायचे होते. 110 माणसांत प्रत्येकाला दोन साहेब दिले की आजचे चार फोन उद्या आठ होतील. तो नाराज झाला. पण व्हॉल्व्ह बॉडीच्या ग्राहकासाठी डिझाइनपासून डिस्पॅचपर्यंत पाठपुरावा करणारा एक माणूस हवा, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. तेवढं त्याच्याकडे दिलं.

बाकी खातेवार रचनाच ठेवली, दोन बदल करून. क्वालिटी प्रॉडक्शनच्या हाताखालून काढून थेट अण्णांकडे. आणि मेल्टिंगच्या पाळीवर जो मुकादम असेल त्याला ओतणं थांबवायचा लेखी अधिकार. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ 16949 या मानकातही गुणवत्तेची जबाबदारी असलेल्यांना उत्पादन आणि माल पाठवणं थांबवायचा अधिकार असावा, असंच म्हटलंय. अण्णांना मानकाचं फारसं कौतुक नाही. ट्रॅक्टरवाल्या ग्राहकाचा ऑडिटर हेच विचारेल म्हटल्यावर मात्र त्यांनी सही केली. भट्टीजवळ मराठीत आणि कन्नडमध्ये पाटी लागली. त्या पाळीच्या मुकादमाचं नाव खडूनं लिहायची.

थोरला दोन महिने माझ्याशी नीट बोलला नाही.

तिसऱ्या आठवड्यात अण्णांचा फोन आला. मामांनी एक हीट थांबवली होती आणि कोअर चांगले कोरडे निघाले. चारशे किलो पुन्हा पिगमध्ये. "मी काय म्हणालो नाही हां," अण्णा म्हणाले. "लई अवघड गेलं, खरं काय म्हणालो नाही." मग जरा थांबून, "डॉक्टरांनी पुढची वेळ विचारली. मंगळवारी 11 ची मागून घेतली. मुद्दाम."