उजनीच्या गाळात आठचाकी: टायर निवडताना काठ बघा

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला. माढा, मोहोळ आणि सोलापूरच्या आजूबाजूच्या नदीकाठच्या गावांत तेव्हा दोन गोष्टी एकदम लागत होत्या. पाण्यातून माणसं काढायला होडी हवी होती, आणि पाणी ओसरल्यावर गुडघाभर गाळातून औषधं, दूध, चारा न्यायला काहीतरी हवं होतं. होडी गाळात अडते, ट्रॅक्टर खोल पाण्यात जात नाही. माढ्याकडच्या एका मित्राच्या शेतावर पर्यटकांसाठी घेतलेली आठचाकी उभयचर गाडी आहे. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये १९६७ पासून 'आर्गो' बनतात, त्याच धाटणीची. पुढच्या पावसाळ्यात ती गावाच्या कामी येईल का, आणि यायची तर तिला कुठले टायर असावेत, हे बघायला आम्ही मेअखेरीस उजनी धरणाच्या काठावर गेलो.

उजनीच का, ते आधी सांगतो. पाणी उतरलं की करमाळा तालुक्याच्या बाजूला गाळाची रुंद पट्टी उघडी पडते. वर वाळून भेगाळलेली पापडी, तिच्याखाली लोण्यासारखा मऊ काळा गाळ, पुढे घोटाभर पाणी, मग कमरेएवढं, मग एकदम खोल. पूर ओसरताना सीनाकाठी जे जे होतं ते सगळं इथे काही शे मीटरांत मिळतं, आणि पाणी वाहतं नसतं. सोलापूरहून मोहोळ, टेंभुर्णी आणि मग करमाळ्याच्या रस्त्याने कंदरच्या केळीच्या बागांमधून आम्ही काठाला लागलो. गाडी ट्रॉलीवर बांधूनच न्यावी लागते. ती रस्त्याची गाडी नाही आणि एवढ्या कमी हवेचे टायर डांबरावर टिकतही नाहीत.

पाण्यात वाहन उतरवायचं तर पाटबंधारे खात्याला आधी विचारा. काठावरची गाळपेर, म्हणजे पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन कोणीतरी पेरलेली असते, ती पेरणाऱ्यालाही विचारा. आमचं काम सोपं झालं ते तिथल्या एका मासेमार तात्यांमुळे. सकाळची चिलापी काढून ते बसले होते. गाडीची चाकं बघून म्हणाले, "पाण्यात न्या, न्हाईतर वर ठिवा. मधी थांबू नगा." दिवसभर आम्ही जे काही मोजलं, ते या वाक्याभोवतीच फिरलं.

गाडी कोरड्यावर असते तेव्हा तिचं सगळं वजन टायरवर असतं. पूर्ण तरंगते तेव्हा वजन पाणी उचलतं आणि टायर वल्ह्याचं काम करतात. पण मधल्या पट्ट्यात, पोटरी-गुडघ्याएवढ्या पाण्यात, गाडी अर्धी तरंगते आणि अर्धी टेकलेली असते. टायरवर वजन थोडंच, म्हणून पकड नाही. पाणीही पुरेसं नाही, म्हणून वल्हवणं नाही. शिवाय खाली गाळ. गाडी अडकते ती इथेच. म्हणून टायर घेताना 'चिखलाचा की पाण्याचा' असा विचार करू नका, या काठाच्या पट्ट्यातून तो बाहेर काढेल का ते बघा.

आमच्याकडे टायरचे दोन संच होते. एक गाडीबरोबर आलेला: २५ इंच उंच, १२ इंच रुंद, रिम ९ इंचाची, रबर मऊ, खाचा मध्यम. दुसरा बाजारात 'मड टायर' म्हणून मिळणारा: उंची तीच २५, रुंदी १०, रिम १२ इंचाची, जाड बाजू आणि दिसायला जबरदस्त अशा खोल खाचा. फोटोत दुसराच भारी दिसतो, यात शंका नाही.

कोरड्या पापडीवर आणि पहिल्या गाळात दुसऱ्या संचाने खरंच जोर दाखवला. वळवताना मात्र गाडी कण्हू लागली. या गाडीची पुढची चाकं वळत नाहीत. एका बाजूची चाकं रोखून ती रणगाड्यासारखी फिरते. म्हणजे प्रत्येक वळणाला टायर आडवे घसरावेच लागतात. खाचा जितक्या खोल आणि पकड जितकी घट्ट, तितका तो घसरण्याचा ताण चेन आणि ॲक्सलवर जातो. ही चेन तुटली तर पाण्यातच तुटणार, हे लक्षात ठेवा.

मग हवा. कमी दाबाच्या टायरखाली जमिनीवर येणारा दाब साधारण टायरमधल्या हवेएवढाच असतो. गाडी, माणसं आणि सामान मिळून ८०० किलो धरलं तर प्रत्येक चाकावर १०० किलो. ३ पीएसआय (पीएसआय म्हणजे चौरस इंचावर पौंड, हवेच्या दाबाचं माप) हवेला टायर पसरून पावणेपाचशे चौरस सेंटिमीटर जागा धरतो. चालताना एका पायावर भार आला की माणसाच्या पावलाखाली याहून जास्त दाब असतो. म्हणून माणूस जिथे पोटरीपर्यंत रुततो तिथून ही गाडी निघते. पण हे मऊ बाजूच्या टायरला लागू. जाड बाजूचा मड टायर एवढ्या हलक्या गाडीखाली हवा कमी केली तरी पसरतच नाही, स्वतःच्या ताठपणावर उभा राहतो. आमचा दुसरा संच गाळात नांगरासारखा उतरला तो याच कारणाने.

पाण्यातला फरक मी कागदावर मांडून बघितला आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २५ × १२ चा टायर बाहेरच्या मापाने सुमारे ९५ लिटर जागा व्यापतो, रिमची पोकळी वजा केली की ८० च्या आसपास. आठही चाकं अर्धी बुडाली की त्यांनी ३२० लिटर पाणी बाजूला सारलेलं असतं, म्हणजे ८०० पैकी ३२० किलो टायरच उचलतात आणि गाडीच्या तळाला फक्त ४८० उरतात. २५ × १० आणि मोठी रिम घेतली तर एका टायरला साठेक लिटरच हवा राहते. आठ चाकांत फरक पडतो तो साधारण ७० किलोंचा, म्हणजे एका माणसाचा. तेवढी गाडी खोल बसते.

आणि खोल बसली की वेगही जातो. पाण्यात फिरणाऱ्या चाकाचा खालचा अर्धा भाग पाणी मागे लोटतो आणि वरचा अर्धा भाग तेच पाणी पुढे लोटतो. वरचा भाग हवेत असेल किंवा मडगार्डखाली झाकलेला असेल तरच खालच्याचा जोर शिल्लक राहतो. चाक पूर्ण बुडालं की दोन्ही एकमेकांना खातात. म्हणून माणसं वाढवू नका. चांगल्या स्थितीतही टायरवर चालणारी ही गाडी पाण्यात ताशी चार-पाच किलोमीटरच जाते.

रुंद टायरवर आम्ही आत गेलो आणि परत काठाला आलो. अर्ध्या तरंगत्या पट्ट्यात चाकं थोडी घसरली, पण गाडी सरकत राहिली. दुसऱ्या संचावर तिथेच अडकलो. चाकं फिरत होती, गाळ उपसला जात होता आणि गाडी जागच्या जागी खाली बसत होती. किनाऱ्यावरच्या ट्रॅक्टरला आधीच बांधून ठेवलेल्या दोरावर बाहेर आलो. तो दोर पाण्यात उतरण्याआधीच गाडीच्या हुकाला लावून ठेवा. अडकल्यावर गाळात हात घालून हुक शोधणं फार कठीण आहे.

आपल्या काळ्या मातीची एक गोष्ट बाहेरचं कुठलंही टायरचं पान सांगत नाही. ही रेगड पाणी पिऊन फुगते आणि खाचांत थापल्यासारखी बसते. खाचा भरल्या की टायर गुळगुळीत झाला, मग पाण्यात तो वल्हवणार कशाने? खाचा खोल असण्यापेक्षा त्यांच्यामधली जागा मोकळी असणं इथे जास्त उपयोगी. आणि खोल पाण्यात जाण्याआधी गुडघाभर पाण्यात, तळ कडक असेल अशा जागी, चाकं हळूहळू फिरवून खाचा धुऊन घ्या. टायर उलटे बसवू नका: 'व्ही' नक्षीचं टोक आधी जमिनीला लागेल अशीच दिशा हवी, म्हणजे चिखल बाजूला फेकला जातो.

हवा कधी मोजायची, हे सोलापूरच्या उन्हात फार महत्त्वाचं. गेज फक्त वातावरणाच्या वरचा दाब दाखवतं, पण उष्णता एकूण दाब वाढवते, आणि ३ भरलेल्या टायरात तो वातावरणाचा धरून १७ पीएसआयच्या आसपास असतो. सकाळी सावलीत २५ अंशांवर ३ भरलेला टायर उन्हात ५० अंशांपर्यंत तापला की साडेचारच्या जवळ जातो. म्हणजे जवळजवळ दीडपट. तोच टायर पाण्यात उतरला की गार होऊन पुन्हा बसतो. म्हणून काठावर पोचल्यावर गाडी सावलीत उभी करा आणि उतरण्याआधी पुन्हा मोजा. पेट्रोल पंपावरचं गेज याला चालत नाही, त्यावर ३ आणि ५ मधला फरक दिसतच नाही. कमी दाबाचं वेगळं गेज घ्या आणि पायाचा पंप जवळ ठेवा.

दाब सगळ्या चाकांत सारखा हवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घेर सारखा हवा. एका बाजूची चारही चाकं चेनने एकत्र बांधलेली असतात, सारखेच फेरे घेतात. एका टायरचा घेर कमी असेल तर तो आणि बाकीचे एकमेकांविरुद्ध ओढतात, आणि झिजते ती चेन. शिंप्याचा टेप टायरभोवती गुंडाळून घेर मोजा, हवा थोडी कमीजास्त करून सगळे जुळवा. एखादा टायर बदलायचा झाला तरी एकटा नवा टायर जुन्या तिघांत घालू नका. हवा फार कमी केली तर वळताना टायर रिमवरून निसटतो, हेही ध्यानात असू द्या. २ च्या खाली आम्ही गेलो नाही.

काट्यांचं काय? उजनीच्या काठाला वेडी बाभूळ माजलेली आहे, आणि बुडालेल्या झाडांचे खुंट गाळात असतात. मऊ टायरचा हा खरा तोटा. पंक्चरचे प्लग आणि टायरमध्ये ओतायचं सीलंट दोन्ही न्या. काठाची पट्टी आधी पायी, हातात काठी घेऊन चाचपा. तिथे शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आणि विजेच्या केबल पाण्यापर्यंत गेलेल्या असतात, त्यावरून गाडी कदापि नेऊ नका. धरणात जुनी गावं बुडालेली आहेत, त्यांच्या विहिरी आणि दगडी भिंती गाळाखाली आहेत. 'धरण शून्यावर आलं' असं पेपरात वाचून पाणी उथळ समजू नका: शून्य म्हणजे उपयुक्त साठा संपला, मृतसाठाच ६३ टीएमसीहून जास्त आहे. बेटांच्या जवळही जाऊ नका. उन्हाळ्यात नदी सुरय पक्षी तिथे उघड्या जमिनीवर अंडी घालतात.

दुपारनंतर पाण्यात राहू नका. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचे जीव गेले. ते पाणी हेच. ताशी पाच किलोमीटरची गाडी वाऱ्यापुढे काहीच करू शकत नाही. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, तळाची बुचं लावलेली आणि पाणी उपसायचा पंप चालू आहे याची खात्री, एवढं झाल्याशिवाय काठ सोडू नका.

आता सीनेचं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पंजाबातल्या पुरात लष्कराने 'ॲटॉर एन १२००' ही उभयचर गाडी उतरवली, तिची चाकं माणसाच्या उंचीची आहेत. तत्त्व तेच, टायरमधली हवाच गाडी उचलते, पण तिच्या मापाने आपल्या छोट्या आठचाकीकडून अपेक्षा धरू नका. वाहत्या पुरात ही गाडी घालायची नाही, असं मी मित्राला स्पष्ट सांगितलं आणि त्यालाही ते पटलं. ती कामाची आहे ती प्रवाह थांबल्यावर, साचलेल्या पाण्यात आणि त्यानंतरच्या गाळात. तिथे दुसरं कुठलंच वाहन तिची जागा घेऊ शकत नाही, असं मला आता वाटतं.

परतताना टेंभुर्णीला थांबून आधी सगळी चाकं पाण्याने धुतली. गाळ वाळला की रिम आणि टायरच्या मधल्या फटीत सिमेंटसारखा बसतो आणि पुढच्या वेळी हवा गळते. घरी आल्यावर चेनला तेल, बेअरिंगला ग्रीस. रुंद संच गाडीवरच आहे, ३ पीएसआय भरलेला. मड टायरचा संच मित्राने विकायला काढला आहे.