सभागृहाच्या दारात सैनिक

लंडनमध्ये संसदेच्या इमारतीतल्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शिरलं की मान आपोआप वर जाते. एवढा प्रचंड हॉल, पण मधे एकही खांब नाही, आणि डोक्यावर सहाशे वर्षांहून जुनं ओकच्या तुळयांचं छत. मी मात्र आले होते पायऱ्यांवरची पितळी पाटी बघायला. संसदेशी झालेल्या यादवी युद्धात हरलेला इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्यावर जानेवारी १६४९ मध्ये इथे खटला चालला, तेव्हा तो कुठे बसला होता हे ती दाखवते. राजाने डोक्यावरची हॅट काढली नाही, आरोपांना उत्तरही दिलं नाही. एकच धोशा लावला: मला कोणत्या अधिकाराने इथे आणलंत?

त्या प्रश्नात दम होता, असं मला वाटतं. खटला भरणारी संसद तरी कुठे पूर्ण उरली होती! महिनाभर आधी संसदेच्याच सैन्यातला कर्नल प्राइड सैनिक घेऊन दारात उभा राहिला आणि राजाशी तडजोड करू पाहणाऱ्या सदस्यांना त्याने आत जाऊच दिलं नाही. पण हाच प्रश्न चार्ल्सलाही विचारायला हवा होता.

हॉलला लागूनच सेंट स्टीफन्स हॉल आहे. संसदेचं कनिष्ठ सभागृह, म्हणजे कॉमन्स, पूर्वी इथे भरायचं. १८३४ च्या आगीत ते गेलं, तरी सभापतींच्या खुर्चीची जागा जमिनीत पितळी खिळे ठोकून दाखवली आहे. तिथून माझा पाय निघेना. १६२९ पासून अकरा वर्षं चार्ल्सने संसद बोलावलीच नव्हती. पैशासाठी किनाऱ्यावरच्या भागांचा 'शिप मनी' हा कर त्याने आतल्या परगण्यांवरही लादला. संसद सदस्य जॉन हॅम्पडनने तो भरायला नकार दिला आणि बारा न्यायाधीशांपुढे सात विरुद्ध पाच असा खटला हरला. हॅम्पडनसह पाच सदस्यांना पकडायला ४ जानेवारी १६४२ ला राजा सशस्त्र माणसं घेऊन इथे आला. ते आधीच निसटले होते. कुठे आहेत ते, असं राजाने विचारल्यावर सभापती लेंथॉल गुडघे टेकून म्हणाला की, हे सभागृह सांगेल तेवढंच बघायला मला डोळे आहेत आणि तेवढंच बोलायला जीभ. गुडघे टेकलेले, पण शब्द ताठ! मला हा माणूस फार मोठा वाटतो.

बाहेर क्रॉमवेलचा, म्हणजे राजाविरुद्ध लढलेल्या संसदेच्या सेनापतीचा, पुतळा आहे. १६५३ मध्ये त्यानेही बंदूकधारी शिपाई आत बोलावून उरलीसुरली संसद हाकलून दिली. राजाने केलं तो जुलूम आणि याने केलं ती क्रांती, हे मला पटत नाही.

व्हाइटहॉलने थोडं चाललं की बँक्वेटिंग हाउस. ३० जानेवारी १६४९ ला याच्यासमोर मंच बांधून राजाचा शिरच्छेद झाला. थंडीने अंग कापलं तर लोक म्हणतील भ्याला, म्हणून त्याने दोन सदरे घातले होते. समोरच्या हॉर्स गार्ड्सच्या घड्याळात दोनच्या आकड्यापाशी काळा डाग आहे. ती त्या वेळेची खूण मानतात.

याच इमारतीत १३ फेब्रुवारी १६८९ ला चार्ल्सची नात मेरी आणि तिचा नवरा विल्यम यांना मुकुट देऊ केला गेला. त्याआधी त्यांच्यासमोर हक्कांचा जाहीरनामा वाचण्यात आला. त्यात दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्या होत्या: संसदेच्या संमतीशिवाय कर नाही, आणि शांततेच्या काळात तिच्या संमतीशिवाय खडं सैन्यही नाही.