स्वतःची स्टोरी लिहा, असं मी का म्हणत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बेघर तरुण मुलामुलींचे गोष्टी लिहिण्याचे वर्ग घेते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग त्यांना स्वतःची स्टोरी लिहायला लावता ना? केवढं मटेरियल असेल!"

नाही लावत. ती स्टोरी सांगून सांगून वीट आलेला असतो त्यांना. शेल्टरमध्ये बेड हवा तर सांगा, पोलिसांना सांगा, काउन्सेलरला सांगा, तो बदलला की नव्याला पहिल्यापासून सांगा, आणि दरवेळी समोरचा खरं-खोटं तपासत बसलेला. कुठला भाग गाळला की काम लवकर होतं हेसुद्धा पाठ असतं. त्यात मी पण वही पुढे करून तेच मागू?

लिहून फायदा होतो हे मान्य आहे. 1986 मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या संशोधकांनी कॉलेजच्या मुलांना ओळीने 4 दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या वाईट अनुभवांबद्दल लिहायला लावलं. जे घडलं ते आणि त्याबद्दल काय वाटलं, दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. पण लिहून उठल्यावर लगेच त्यांना जास्तच वाईट वाटत होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. आमच्या मुलांना त्यानंतर दार लावून रडायला खोली कुठाय?

म्हणून आम्ही मनसोक्त थापा मारतो. एकाने राजाची गोष्ट सांगितली, म्हणजे तो बोलला आणि मी त्याच्याच शब्दांत टाइप केली, व्याकरणाला हात न लावता. तर हा राजा महालात मोजड्या उशाखाली घेऊन, पाठ भिंतीला लावून झोपतो. का, ते वर्गात कुणीच विचारलं नाही. एकजण म्हणाली मुकुट पण घे की उशाखाली, तर हा म्हणतो, "मोजड्या लगेच विकल्या जातात, मुकुट कोण घेणारे?" मग मुकुट कुठे खपेल यावर जी काय जुंपली!

गोष्ट त्याच दिवशी संपवायची, कारण पुढच्या वेळी तोच मुलगा येईल याचा भरवसा नसतो. वह्या भिजतात, चोरीला जातात, म्हणून एक कॉपी माझ्याकडे.

कुणी आपणहून स्वतःचं लिहिलं तर अडवत नाही. पण संस्थांना अहवालात रडवणारी गोष्ट लागते, वर खरं नाव आणि फोटोही, तिथे मी सरळ भांडते. उद्या त्या पोराला नोकरी मागायचीय, भाड्याने खोली बघायचीय, आणि घरमालकाने नाव सर्च केलं की सगळ्यात वर हेच दिसणार.