तुम्ही विचारलंत म्हणून: त्या फुलाची जागा आम्ही का सांगत नाही

"लोकेशन पाठवा ना." सप्टेंबर उजाडला की हा निरोप दिवसाला दोन-तीनदा येतो. नाणेघाटाच्या आमच्या दोन दिवसांच्या सहलीला येऊन गेलेले विचारतात, नाव नोंदवलेले विचारतात, कधीच न येणारेही विचारतात. लोकेशन कसलं, तर कंदीलपुष्पाचं, म्हणजे कंदातून उगवणाऱ्या एका दुर्मीळ रानफुलाचं. आम्ही ते पाठवत नाही. मग पुढचा निरोप येतो, "फुलं काय तुमच्या मालकीची आहेत?" नाहीत. तरीही पाठवत नाही. दरवेळी दोन ओळींत उत्तर देऊन कुणाचंच समाधान होत नाही, म्हणून एकदा सगळं लिहितो.

रागावणाऱ्यांचं एक म्हणणं खरं आहे. जुन्या व्यापारी वाटेवरच्या वनस्पती आणि लेणी दाखवतो असं सांगून पैसे घ्यायचे आणि सगळ्यात दुर्मीळ झाड मात्र दाखवायचं नाही, हे कुणालाही खटकेल. पण सहल त्या एका फुलावर उभी नाही. घाटाखालच्या वैशाखऱ्याहून सराईत माणूस दोन-अडीच तासांत घाट चढतो, आम्हाला पाच तास लागतात. सकाळी साडेसहाला पाऊल उचललं तरच साडेअकराला लेण्यात पोचतो. आठला निघालं तर कातळ तापतो, माणसं खाली मान घालून नुसती चालत सुटतात आणि मग कितीही दाखवलं तरी कुणाला काही दिसत नाही.

खालच्या टप्प्यात ऐन, किंजळ, कुंभा, उक्षीचे वेल, मुरुडशेंग. वर कारवी. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून मरते, त्यामुळे बहुतेक तुकड्यांना तिची हिरवी काठीच बघायला मिळते. त्याच काठ्यांचे कुड विणून, शेणमातीने लिंपून इथल्या घरांच्या भिंती होतात. निळ्या फुलांची भारंगी दिसते, तिच्या कोवळ्या पानांची भाजी घाटावरच्या घाटघर गावात जेवणात असते. आणि हिरडा. हिरड्यापाशी आम्ही मुद्दाम अर्धा तास थांबतो. चैत्र-वैशाखात, आत आठळी धरायच्या आधीच, फळं झाडून वाळवतात. ती काळी सुरकुततात, तो बाळहिरडा. जुन्नर-आंबेगावच्या महादेव कोळी घरांत पावसाळ्याआधीचा रोख पैसा त्यातून येतो. सुती कापडावर रंग सहजी धरत नाही. आधी ते हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं. मग तुरटी लावली तर मंजिष्ठेचा लाल पक्का बसतो, लोखंडाचं पाणी लावलं तर काळा येतो. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात मराठवाड्यातल्या तेरहून गुजरातेतल्या भडोच बंदराला कापड जात असल्याचं लिहिलं आहे. कापडाचा व्यापार म्हटला की रंगाची झाडं आलीच, हे हिरड्याखाली उभं राहून सांगितलं की पटतं. पण याच घाटाने हिरड्याची पोती उतरत असं आम्ही सांगत नाही. तसं कुठल्याही लेखात नाही.

लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख. भिंती भरून यज्ञांची यादी आणि दक्षिणेचे आकडे: किती गाई, किती घोडे, किती कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. आकड्यांची चिन्हं इतकी जुनी की भारतातल्या अंकांचा इतिहास सांगताना इथे यावंच लागतं. इथे एकच सूचना असते. अक्षरांवर पाणी, खडू, पावडर काही लावायचं नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा, खाचांत सावली पडते आणि ब्राह्मी अक्षरं आपोआप उठून दिसतात. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. वर नावं आहेत, खाली फक्त पावलं उरली आहेत. दुसऱ्या दिवशी जुन्नरच्या लेण्यांत शक वंशातल्या एकाच्या दानलेखापाशी थांबतो. करंजाची झाडं लावण्यासाठी त्याने २० निवर्तनं (निवर्तन हे तेव्हाचं जमिनीचं माप) जमिनीचं उत्पन्न श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाकडे, लावून दिलं होतं. झाडं आणि व्यापार एकाच ओळीत कोरलेले आहेत, याहून आणखी काय दाखवायचं?

तरी प्रश्न त्या फुलाचाच येतो. तर जे झालं ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोळा जणांची तुकडी होती. एका उतारावर कंदीलपुष्पाची सतरा रोपं होती, जूनपासून मोजलेली. कोणती जात ते लिहीत नाही. या गणातल्या काही जाती महाराष्ट्रातल्या दोन-चार डोंगरांपलीकडे जगात कुठेही नाहीत, जात लिहिली की डोंगर कळतो. त्या वेळी आम्ही ती बिनदिक्कत दाखवत होतो. नियम होते: पाय फक्त कातळावर, एका वेळी तिघेच, फुलाला बोट नाही, भिंगातून अर्धा मिनिट पाहून मागे यायचं.

फूल बोटाच्या दीड पेराएवढं. तळाशी फुगीर, वर अरुंद नळी, आणि पाच पाकळ्यांची टोकं वर एकत्र जुळलेली, त्यामुळे मधे पाच खिडक्या. हुबेहूब आकाशकंदील. भिंगातून नळीत बघितलं तर आतले केस खाली वळलेले दिसतात. वासाने आलेली बारीक माशी खिडकीतून आत घसरते आणि केसांमुळे तिला वर येता येत नाही. तळाच्या खोलीत ती फिरत राहते, तिथे परागांचा पुंजका तिच्या तोंडाला चिकटतो. मग केस कोमेजतात, फूल कलतं, माशी सुटते. तो पुंजका घेऊन ती दुसऱ्या फुलात अडकली तर शेंग धरते. म्हणून एकट्या रोपाचा उपयोग नाही. माशीला उडत पोचता येईल इतक्या अंतरात दुसरं फुललेलं रोप लागतं. सतरा हा आकडा त्यासाठी महत्त्वाचा होता.

तुकडीतल्या एकाने कातळावर पालथं पडून फोटो काढला. फोटो अप्रतिम होता. टाकण्याआधी त्याने आम्हाला विचारलं, लोकेशन काढून टाकू ना? आम्ही म्हटलं, हो, तेवढं काढा. त्याने काढलं. फोटो रविवारी रात्री गेला. फुलाच्या मागे, धूसर पण ओळखू येईल असा एक सुळका होता आणि त्याच्या डावीकडे खिंड. त्या डोंगरावर दोनदा फिरलेल्या माणसाला सुळका आणि खिंड कोणत्या कोनातून अशी दिसते ते सांगावं लागत नाही.

पुढच्या शनिवारी चार गाड्या आल्या, त्याच्या पुढच्या शनिवारी सात. हे गावातल्या एका मुलाने फोनवर सांगितलं. आम्ही गेलो तेव्हा फोटोला अठरा दिवस झाले होते. उतारावर गुडघाभर गवतात बसक्या माणसाएवढी गोल गोल खळी पडली होती. प्रत्येक खळ्याच्या मधोमध एक रोप, आणि त्याच्याभोवतीचं गवत मुळापासून उपटलेलं, फोटोत आडवं येऊ नये म्हणून. गवताचा आधार गेलेली दोन रोपं वाऱ्याने आडवी झाली होती. एकाचा शेंडा शेळीने खाल्ला होता, गवतात असता तर तिला दिसला नसता. आणि सहा ठिकाणी खड्डे. चार बोटं खोल, कडा सरळ, खुरप्याने कापल्यासारख्या. आत एका खड्ड्यात कंदाची साल चिकटलेली होती, बोटाच्या नखाएवढी.

लगेच म्हटलं जातं की गुराखी खातात हे कंद. खातात. पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत, गोडसर लागतो. पण गुराखी काठीच्या टोकाने उकरतो, खड्डा तिरका आणि भुसभुशीत असतो, आणि तो एकाच उतारावरून सहा काढत नाही. कृपा करून हे त्यांच्यावर ढकलू नका.

ते सहा कंद कुठे गेले ते कळायचा मार्ग नाही. बहुधा शहरातल्या कुंड्यांत. तिथे काय होतं ते मात्र माहीत आहे. हे झाड दिवाळीनंतर जमिनीवरून संपूर्ण वाळतं आणि कंद जूनपर्यंत कोरड्या मातीत झोपतो. कुंडीतलं झाड वाळलं की माणूस घाबरून पाणी घालतो, कंद कुजतो. पाणी नाही घातलं आणि तो जगला, फुललाही, तरी जोडीला दुसरं रोप नाही, शेंग नाही. डोंगराच्या हिशेबात ते झाड मेलेलंच.

उरलेल्या अकरा रोपांपैकी दोनवर शेंगा धरल्या. रुईच्या कुळातलं झाड, त्यामुळे शेंगा रुईसारख्याच जोडीने येतात, आतलं बी म्हातारीसारखं उडतं. जिथे माणसं बसून माती दाबली गेली होती तिथे पुढच्या जूनमध्ये एकही नवं रोप उगवलं नाही.

फोटो काढणाऱ्याला आम्ही कधी दोष दिला नाही आणि तुम्हीही देऊ नका. त्याने विचारलं होतं. सूचना आमची होती आणि ती अर्धवट होती. आता सहलीच्या आदल्या रात्री सगळ्यांना पूर्ण सूचना जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं तर आतली माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर राहते. फुलामागे आकाश, डोंगर, मंदिर, खांब काही येऊ देऊ नका, कॅमेरा वरून खाली धरा. तारीख लिहू नका, महिना पुरे. निसर्गनोंदींच्या आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर धोक्यात असलेल्या जातींची जागा आपोआप वीस-बावीस किलोमीटरच्या चौकटीत धूसर होते, पण त्याच दिवशी त्याच डोंगरावरच्या साध्या तेरड्याचा फोटो नेमक्या जागेसह टाकलात तर ती चौकट निरुपयोगी होते. हे तेरड्याचं कुणाच्याच लक्षात येत नाही.

आता आमच्याच जुन्या बोलण्याचा मुद्दा. तेव्हा आम्ही ठासून सांगायचो की ठाऊक नसलेल्या झाडाला कुणी वाचवत नाही. उद्या त्या उतारावर गाड्या लावायला सपाटी करायची ठरली तर ओरडणार कोण? ज्यांनी ते फूल पाहिलं आहे तेच. हे आजही चुकीचं वाटत नाही. कासच्या पठाराला लोकांनी डोक्यावर घेतलं म्हणूनच तिथे दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आणि तिकीट आलं. इथे मर्यादा घालायला कुणी नाही, आणि सतरा रोपांना तीन हजार माणसं तर सोडाच, तीस झेपत नाहीत. एवढाच फरक आहे का? असेल. नेमकी जागा अभ्यासकांना आणि वनखात्याला देतो, म्हणजे कागदावर नोंद आहे. पण मग जाणत्यांना सांगायचं आणि बाकीच्यांना नाही, हे ठरवणारे आम्ही कोण, हा तुमचा प्रश्न उरतोच. मुलांना घेऊन येऊ इच्छिणारा तालुक्यातला शिक्षक आणि खुरपं घेऊन येणारा, दोघांचा निरोप अक्षरशः सारखाच असतो: "लोकेशन पाठवा ना." शिक्षकाला नाही म्हणताना वाईट वाटतं, प्रत्येक वेळी वाटतं.

नागनिकेने लेख कोरवला तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावा म्हणून, घाटाच्या ऐन तोंडाशी. मग त्याच वाटेवरचं फूल लपवायचं, हा विरोधाभास आम्हाला एका सहभागी बाईंनी दाखवून दिला होता. त्यावर उत्तर सुचलं नाही. त्या पुतळ्यांची उरलेली पावलं बघून आमच्या मनात जे येतं ते उत्तर नव्हे, भीती आहे.

सगळ्यात जास्त बोचलं ते घाटघरच्या मावशींचं. त्यांच्याकडे तुकडी जेवते. खड्ड्यांचं सांगायला गेलो तर म्हणाल्या, "तुम्ही ते फूल दाखवलंत, तेव्हा आम्हाला इचारलं होतं का?" विचारलं नव्हतं. वाटाड्या गावचा, जेवण गावचं, डोंगर गावचा, आणि काय दाखवायचं ते आम्ही घरून ठरवून आलो होतो.

आता तुकडी बाराची असते आणि त्या उताराकडे जात नाही. मावशींच्या गोठ्यामागच्या बांधावर एक रोप आहे. आपलं आपण आलेलं, कुणी लावलेलं नाही. त्यांनी भोवती कारवीच्या काठ्या खोचल्या आहेत. जेवणं झाली की आम्ही त्यांना विचारतो, दाखवायचं का. यंदा दोन तुकड्यांना त्या हो म्हणाल्या, तिसरीला नाही. तिसऱ्या तुकडीने भांडी विसळली आणि ती कुकडेश्वराच्या वाटेला लागली.